भाड्याची खोली आणि यजमानाचें ऋण

पैसे मोजून घेतलेल्या खोलींत प्रवाशाची हेळसांड झाली, तर तो केवळ एक फसलेला सौदा समजून विसरून जावा, कीं तेथें कांहीं पाप घडलें असें म्हणावें? आणि पाप घडलें असल्यास तें कोणाच्या पदरीं घालावें? हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. ज्या मंडळ्यांपुढें पाणी, मुलांचें शिक्षण आणि पाळकांचें वेतन असे प्रश्न उभे आहेत, त्यांना एका लॉजांतील ओल्या भिंतीची कथा काय म्हणून सांगावी, असें मलाहि वाटत होतें. परंतु आपल्या खेड्यापाड्यांतून आज अशीं घरें थोडींच राहिलीं असतील, कीं ज्यांचा एखादा मुलगा, जांवई किंवा भाचा भोसरी, पिंपरी किंवा चाकण येथील कारखान्यांत नाहीं. त्याच्या आजारपणांत, त्याच्या लग्नाच्या बोलणीसाठीं, धाकट्याच्या मुलाखतीसाठीं आपणांस तिकडे जावें लागतें, आणि रात्र झाली कीं डोकें टेकण्यास जागा शोधावी लागते. तेव्हां ही गोष्ट एकट्या माझी नव्हे.

झालें तें असें. गेल्या पावसाळ्यांत माझ्या भाच्याचा हात चाकणच्या एका कारखान्यांत यंत्रांत सांपडला. तो तेथें कंत्राटी कामगार आहे. दोन बोटांवर शस्त्रक्रिया झाल्याचा निरोप येतांच मी व माझी पत्नी नगरकडून एस.टी.नें निघालों. शिक्रापूर सोडल्यावर चाकणच्या रस्त्यास मालमोटारींची अशी रांग लागली होती कीं आम्ही उतरलों तेव्हां रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. भाचा राहतो त्या खोलींत सहा मुलें दाटीनें निजतात. तेथें बाईमाणसास जागा नाहीं. पिंपरीस आमच्या ओळखीचें एक विश्वासी कुटुंब आहे. त्यांना मीं आदल्या दिवशीं फोन केला होता. घर लहान आहे आणि आधींच पाहुणे आलेले आहेत, असें उत्तर मिळालें. त्या उत्तराकडे मला पुन्हां यावयाचें आहे. शेवटीं भाच्याच्या एका सोबत्यानें आपल्या मोबाइलवरून पुणें-नाशिक रस्त्यालगतच्या एका लॉजांत चौदाशें रुपये भरून खोली ठरविली. मोबाइलवरील चित्रांत चादर पांढरी शुभ्र होती आणि उशीवर टॉवेलाची घडी ठेविलेली होती.

खोलींत पाय ठेवतांच ओलीचा वास आला. पलंगामागील भिंत छतापासून जमिनीपर्यंत पाझरत होती, आणि गादीची ती बाजू भिजून गेलेली होती. चादरीवर आधींच्या माणसाचे केंस होते. नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसली. एवढें सर्व सोसवलें असतें. शेतांत खोप घालून राखणीस निजणारीं आपण माणसें. परंतु दाराची कडी तुटलेली होती. बाहेर व्हरांड्यांत कांहीं माणसें दारू पिऊन मोठ्यानें बोलत बसलीं होतीं, आणि आंतून दार लावण्याचा कांहीं उपाय नव्हता.

मी तीन वेळां खालीं उतरलों. पहिल्या वेळीं मोबाइलवरील डोळे न उचलतां व्यवस्थापक म्हणाला, "काका, एवढीच खोली शिल्लक आहे. पटत असेल तर राहा." दुसऱ्या वेळीं मीं पैसे परत मागितले, तेव्हां तो म्हणाला, "पैसे कंपनीकडे गेले. आमच्याकडे कुठं आलेत?" तिसऱ्या वेळीं मीं कडीपुरता एक खिळा आणि हातोडी मागितली. त्यानें उत्तरच दिलें नाहीं. त्यांत राग नव्हता, तिरस्कारहि नव्हता. जणूं कोणी बोललेंच नाहीं. मग टेबल दाराशीं ओढलें, त्यावर पिशवी ठेविली, आणि आम्हां दोघांनीं आळीपाळीनें त्यास पाठ लावून रात्र काढली.

पहांटे एक पोरगा पाण्याची बादली घेऊन आला. रात्रभर सांचलेला सगळा राग मीं त्याच्यावर ओतला. सतराअठरा वर्षांचा असेल. सर्व ऐकून घेऊन तो म्हणाला, "काका, मी काल सकाळपासून ड्यूटीवर आहे. मालक इथं येत नाहीत." जिन्याखालीं त्याचें अंथरूण होतें. उतरतांना मीं तें पाहिलें. त्याची गोधडी आमच्या गादीहून अधिक ओली होती. ज्या तोंडानें मी दर रविवारीं आशीर्वाद उच्चारतों, त्याच तोंडानें मीं ह्या लेंकराची सकाळ सुरू केली होती.

आतां मुळाकडे जाऊं. पैसे दिले-घेतले कीं आतिथ्य संपलें आणि व्यापार सुरू झाला, असें पुष्कळांचें म्हणणें आहे. त्यांच्या मतें वाईट खोली ही नासक्या कांद्याच्या पोत्यासारखी. घेणाऱ्यानें पाहून घ्यावें. पण ही तुलना जुळत नाहीं. चाकणच्या बाजारांत कांदा घेणारा पोत्यांत हात घालतो, कांदा दाबून पाहतो, वास घेतो, न पटल्यास पुढच्या गाळ्याकडे जातो. खोली घेणाऱ्यास यांतील कांहींच करतां येत नाहीं. गांव परकें, वेळ रात्रीची, अंग शिणलेलें, सोबत बायकामुलें. खोली डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच पैसे गेलेले असतात आणि दुसरीकडे जाण्याची शक्ति उरलेली नसते. आपली झोंप, आपलें सामान आणि घरच्या बाईमाणसांची अब्रू एवढीं तिन्ही तो एका अनोळखी माणसाच्या हातीं देऊन डोळे मिटतो. इतका लाचार गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या धंद्यांत असतो? आजाऱ्याखेरीज मला तर कोणी आठवत नाहीं. आणि गिऱ्हाईक जितका लाचार, तितकें विकणाऱ्याचें ऋण मोठें, हें वैद्यास आपण सर्वजण लागू करतोंच.

सरकारच्या ध्यानांतहि ही गोष्ट फार पूर्वीं आली होती. १८६७ सालीं सराईंसंबंधानें जो कायदा झाला, त्यांत सराई चालविणारानें खोल्या, व्हरांडे व मोऱ्या स्वच्छ ठेवाव्या, प्रवाशांच्या पाण्याच्या विहिरी साफ राखाव्या, दारें, भिंती व छपरें दुरुस्त ठेवावीं, पुरेसे पहारेकरी नेमावे आणि दराचा तक्ता लावावा, असें सांगितलें होतें. ज्यांवरून चोर आंत उतरतील अशा झाडांच्या फांद्या तोडाव्या, इतका बारीक विचार त्यांत केलेला आहे. दीडशें वर्षांपूर्वींच्या कारकुनास फांदीची काळजी होती. आमच्या व्यवस्थापकास कडीची नव्हती.

शास्त्राकडे पाहूं जातां मला लूकाच्या दहाव्या अध्यायांतील उतारशाळेचा मालक आठवतो. चांगल्या शोमरोन्यावर आपण किती उपदेश ऐकले आणि केले! याजक व लेवी यांचीहि आठवण दर वेळीं होते. पण त्या चवथ्या माणसाकडे कोणी पाहत नाहीं. शोमरोन्यानें जखमीस आपल्या जनावरावर घालून तेथें आणिलें, एक रात्र त्याची शुश्रूषा केली, आणि सकाळीं दोन दिनार मालकाच्या हातावर ठेविले. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर अधिक खर्च झाल्यास परत येतांना फेडीन असें वचन दिलें. प्रभूनें ह्या गोष्टींत पैशाचा उल्लेख टाळलेला नाहीं. पैसे घेऊन केलेल्या शुश्रूषेस त्यानें हलकें मानिलेलें नाहीं. त्या दोन दिनारांबरोबर एका अर्धमेल्या माणसाचा जीव त्या मालकाच्या स्वाधीन झाला. पुढें मालकानें काय केलें तें प्रभु सांगत नाहीं. त्यानें जखमीस जिन्याखालीं टाकून दिलें असतें, तर शोमरोन्याची सारी दया व्यर्थ गेली असती. दया पुष्कळदां अशीच भाड्याच्या हातांतून पुढें जाते: परिचारिकेच्या, एस.टी.च्या वाहकाच्या, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीच्या. त्यांस वेतन मिळतें म्हणून त्यांच्या कामांतली दया खोटी ठरत नाहीं. आणि वेतन मिळतें म्हणून तिच्यापासून त्यांची सुटकाहि होत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं हा मुलूखच पैशाचा झाला, तेथें दया कोठून यावी? हें खरें नव्हे. एके काळीं चाकण म्हटलें कीं संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार एवढेंच लोकांस ठाऊक होतें. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, मागोमाग चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथें यंत्रांचे व मोटारींचे कारखाने आले, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि ह्या शतकांत मोठमोठ्या मोटार-कंपन्या चाकणच्या माळावर उतरल्या. जेथें पूर्वीं पाहुणा ही क्वचित् येणारी वस्तु होती, तेथें आतां निम्में गांव पाहुण्यांचेंच. खोली भाड्यानें देणें हा धंदा व्हावा यांत नवल तें काय? परंतु त्याच आकुर्डीस दर वर्षीं तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून मुक्कामास येते, तेव्हां हजारों वारकऱ्यांस जेवूं घालणारे लोकहि त्याच वस्तींतले असतात, आणि ते कोणास बिल देत नाहींत. धर्म वेगळा म्हणून हें पाहण्याचें आपण टाळूं नये. माती तीच आहे.

मग दोष कोणाचा? व्यवस्थापक म्हणतो पैसे कंपनीकडे. कंपनी म्हणते खोली लॉजवाल्याची. मालक तेथें येत नाहीं. पोरगा काल सकाळपासून जागा. ह्यांतील प्रत्येकजण आपल्यापुरतें खरें बोलतो. आणि तरीहि रात्रीं अकरा वाजतां एका दारास कडी नसते. आपल्या काळचें हें एक विशेष पाप मला वाटतें. जबाबदारीचे इतके बारीक तुकडे करावयाचे कीं कोणाच्याहि वाट्यास आलेला तुकडा पाप म्हणण्याइतका मोठा राहूं नये. पिलातानें हात धुण्यास निदान पाणी तरी मागविलें. येथें तेवढेंहि लागत नाहीं, कारण हात मळल्याचें कोणास दिसतच नाहीं. तरी माझ्या मतें त्या व्यवस्थापकाची सुटका होत नाहीं. भिंत त्याच्या हातची नव्हती, पैसे त्याच्या हातचे नव्हते, हें मी मान्य करतों. खिळा त्याच्या हातचा होता. मान वर करून पाहणें त्याच्या हातचें होतें. माणसास जेवढें करतां येण्यासारखें असतें तेवढ्याचाच हिशेब त्याजपाशीं मागितला जाईल. पण तेवढ्याचा मागितला जाईल.

मालकाचा हिशेब निराळा व मोठा. जो पोरास चोवीस तास उभा ठेवितो, तो प्रवाशासहि लुबाडतोच. दोन्ही पापें एकाच तिजोरींत जमा होतात. ज्यांनीं शेतें कापलीं त्यांच्या अडकविलेल्या मजुरीविषयीं याकोबानें पांचव्या अध्यायांत जें लिहिलें आहे, तें लॉजाच्या मालकानेंहि वाचावें.

यापुढील प्रश्न अधिक अवघड आहे. ख्रिस्ती माणसानें अशा वेळीं तक्रार करावी कीं सोसावें? आमच्या मंडळींतील एका वृद्ध पंचांनीं मला सांगितलें, "पाळकसाहेब, सोडून द्या. आपला धर्म क्षमेचा." मी तीन दिवस त्यावर विचार करीत होतों, आणि मला असें दिसून आलें कीं त्यांच्या बोलण्याचा अर्धा भाग खरा आहे. माझी ओली गादी, माझी गेलेली झोंप, माझा अपमान, यांची क्षमा करण्याचा अधिकार मला आहे, आणि मीं ती केली पाहिजे. परंतु उद्यां त्याच खोलींत एखादी आई आपल्या तरुण मुलीस घेऊन उतरेल. तुटलेल्या कडीबद्दल तिच्या वतीनें क्षमा करणारा मी कोण? दुसऱ्याच्या दुःखाविषयीं आपण जी सोशिकता दाखवितों, ती पुष्कळदां आळस असते आणि क्षमेचें नांव घेऊन फिरते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें अपराध करणाऱ्या बंधूकडे प्रथम एकट्यानें जाण्यास सांगितलें, न ऐकल्यास एकदोघांस घेऊन, तरीहि न ऐकल्यास मंडळीपुढें. ही रीत बंधूसाठीं सांगितलेली आहे, तरी तिच्यांतील क्रम मला सर्वत्र उपयोगीं वाटतो. मीं पहिली पायरीच चुकविली होती. ज्याच्याशीं बोलावयाचें त्यास सोडून बादलीवाल्या पोरास गांठलें होतें.

म्हणून घरीं आल्यावर मीं मालकाचा पत्ता मिळवून त्यास पत्र लिहिलें. त्यांत भिंत, नळ, चादर व कडी यांचा तारखेसह उल्लेख केला, पैशाची पावती जोडली, आणि पोराच्या कामाच्या तासांविषयींहि लिहिलें. मात्र त्याच्यावर संकट येऊं नये म्हणून त्याचें वर्णन टाळलें. सहा आठवडे उत्तर आलें नाहीं. आतां पुढची पायरी सरकारी आहे, आणि खेड्यांतील पुष्कळांस ती ठाऊक नसल्यानें येथें सांगतों. ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा प्रथम १९८६ सालीं झाला. त्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा आला आहे. त्याप्रमाणें जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार देतां येते; त्यास वकील लागत नाहीं, आणि आपण जेथें राहतों त्या जिल्ह्यांतहि ती देतां येते. लहान रकमेच्या तक्रारीस फी नाहीं. १९१५ ह्या क्रमांकावर फोन करूनहि प्रथम दाद मागतां येते. पावती मात्र जपून ठेवावी. आपले लोक ती तेथेंच फाडून टाकतात.

येथवर मी फिर्यादी होतों. पण खोलीच्या गोष्टी आठवूं लागलों तेव्हां एक अशी आठवली कीं तिच्यांत आपल्याच माणसाकडे बोट वळतें.

१९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशचें शिक्षण घेऊन बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. गायकवाड सरकारचा मोठा अधिकारी होणारा हा विद्वान्, पण त्यास राहण्यास जागा मिळेना. शेवटीं ते एका पारशी वसतिगृहांत पारशी नांव नोंदवून राहिले. ती खोलीहि चांगली नव्हती. वरच्या मजल्यावर एक लहानशी निजावयाची जागा, शेजारीं मोडक्या सामानानें भरलेलें मोठें दालन, विजेचा दिवा नाहीं, रात्रीं एक कंदील. आणि ह्यासाठीं जेवणासुद्धां दिवसास दीड रुपया. तरीहि त्यांस ती खोली हवी होती. अकराव्या दिवशीं डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा हुकूम दिला. त्यांनीं आपल्या दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदु होता. तुम्ही आलां तर नोकर निघून जातील, असें तो म्हणाला. दुसरा ख्रिस्ती होता. त्यानें सांगितलें कीं पत्नी उद्यां येणार आहे, तिला विचारावें लागेल. बाबासाहेबांनीं त्याचा अर्थ ओळखला. पतिपत्नी मूळच्या ब्राह्मण घराण्यांतलीं. पतीचे विचार पालटले होते, पत्नीचे नव्हते. मग एका सार्वजनिक बागेंत बसून त्यांनीं वेळ काढिला आणि रात्रीच्या नऊच्या गाडीनें ते मुंबईस परतले. पुढें त्यांनीं ही हकीकत स्वतः लिहून ठेविली. ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या नांवानें त्यांच्या मागें १९९० सालीं प्रसिद्ध झाली.

ही हकीकत वाचली कीं माझ्या चौदाशें रुपयांची मला लाज वाटते. मला वाईट खोली मिळाली. पण कोणी माझें आडनांव विचारून मला बाहेर काढलें नाहीं. आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांच्या आजोबापणजोबांस धर्मशाळेच्या ओट्यावरहि चढूं दिलेलें नव्हतें. आणि त्या संध्याकाळीं बडोद्यांत ज्या घरीं येशूचें नांव घेतलें जात होतें, त्याच घराचें दार उघडलें नाहीं. योहानाच्या तिसऱ्या पत्रांत गायस व दियत्रफेस असे दोन गृहस्थ आहेत. एक अनोळखी बंधूंस घरांत घेतो, दुसरा स्वतः घेत नाहीं व घेणाऱ्यांसहि मना करितो. दोघेहि मंडळींतलेच.

त्यामुळें पिंपरीच्या त्या कुटुंबाविषयीं माझ्या मनांत कडू विचार येऊं लागले होते. त्यांना मीं मनांतल्या मनांत दियत्रफेसच्या बांकावर बसवूनहि टाकिलें होतें. परतीच्या दिवशीं मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलों. दोन खोल्या, बाहेरच्या खोलींतील एकुलत्या खाटेवर अर्धांगानें खिळलेली म्हातारी, तिची चाकरी करण्यास गांवाहून आलेल्या दोघी मुली, आणि स्वयंपाकघरांत जमिनीवर झोपणारीं चार माणसें. उत्तर अक्षरशः खरें होतें. बाईंनीं चहा केला, आणि आम्हांस जागा देतां आली नाहीं म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. मी कांहीं बोललों नाहीं.

आमच्या गांवच्या मंदिरास लागून एक खोली आहे. येणाऱ्या सुवार्तिकांसाठीं व पाहुण्यांसाठीं ती वडिलांच्या काळीं लोकांनीं पायली-पायली धान्य देऊन बांधिली. दोन वर्षांपूर्वीं शेजारच्या तालुक्यांतील एक सुवार्तिक तेथें चार दिवस राहिले होते. खोलींत अर्ध्या भागांत खताच्या गोण्या रचलेल्या होत्या, खिडकीस तावदान नव्हतें, आणि पाणी त्यांस स्वतः हापशावरून आणावें लागलें. जातांना त्यांनीं आभार मानिले. त्या वेळीं मला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. ते आपलेच, त्यांना काय, असें वाटलें. लॉजांतून परत आल्यावर मी प्रथम त्या खोलीकडे गेलों. कडी शाबूत होती. भिंतीस मात्र ओल होती, आणि वास मला ओळखीचा वाटला.

हा विषय मीं पंचांच्या सभेंत काढिला. तावदानाचें ठरलें आहे. गोण्यांस रबी संपेपर्यंत दुसरी जागा नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें; पुढील सभा महिन्याच्या पहिल्या शनिवारीं आहे.